महिना साडेअकरा पौंड

४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांसमोर बावीस वर्षांच्या एका पदवीधराने करारनाम्यावर सही केली. संस्थानाने त्याला अमेरिकेत शिकायला पाठवायचे आणि तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे. त्याने ठरलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. पदवीधराचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिकायचे विषय अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र, त्यातही सरकारी जमाखर्चाचे शास्त्र.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या पदव्यांचा खर्च कोणी उचलला, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सामाजिक शास्त्रांचे उच्च शिक्षण परदेशात घ्यायचे तर पैशाची तरतूद आणि काळाचा आराखडा कसा जुळवावा लागतो, याचा एवढा तपशीलवार आणि एवढा थक्क करणारा दाखला दुसरा नाही. शिवाय त्यातल्या बहुतेक अडचणी शंभर वर्षांनंतरही जशाच्या तशा आहेत.

हा करार आकाशातून पडला नव्हता. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, त्या निमित्ताच्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे वडिलांचा हात आखडला, तेव्हा याच केळूसकरांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेऊन उभे केले. महाराजांनी महिना २५ रुपये मंजूर केले आणि त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजचे बी.ए. पुरे झाले. १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. २ फेब्रुवारीला वडील सुभेदार रामजी वारले. काही होतकरू विद्यार्थी अमेरिकेला पाठवण्याचे महाराजांच्या मनात आहे असे कळले, तेव्हा हा तरुण पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. पहिली मदत छोटी, तिचे चीज झाले म्हणून दुसरी मोठी. शिष्यवृत्त्यांच्या जगात आजही हीच साखळी चालते. निवड समिती अर्जदाराची हुशारी पाहते तशी आधी कोणी त्याच्यावर भरवसा टाकला होता हेही पाहते.

आता साडेअकरा पौंडांचा हिशेब. त्या काळी पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिन्याला साधारण १७२ रुपये. मुंबईच्या मानाने ही रक्कम भरघोस होती. पण खर्च न्यूयॉर्कला व्हायचा होता. डॉलरमध्ये तेच ५६ च्या आसपास होत, आणि त्यातून राहणे, जेवण, पुस्तके भागवून घरीही पैसे धाडायचे होते. जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आधी हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब असे करत ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या खोलीत आले. ही खोलीतली मैत्री पुढे एका डॉक्टरेटच्या खर्चाला उपयोगी पडणार होती.

आराखडा म्हणतो तो इथे दिसतो. करार १५ जून १९१३ ते १४ जून १९१६ असा तीन वर्षांचा. तेवढ्यात एम.ए. आणि पीएच.डी.चा प्रबंध दोन्ही उरकायचे. कोलंबियाच्या नोंदींनुसार या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. बेरीज ६० होते. शिक्षक कोण, तर अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई, समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल. साधारण विद्यार्थी पदवीला लागतील तेवढे तास घेतो आणि मोकळा होतो. इथे ज्याने पैसे दिले त्याला दाखवायला अर्थशास्त्र होते आणि स्वतःच्या प्रश्नासाठी बाकीचे सगळे.

त्याचे फळ ९ मे १९१६ रोजी दिसले. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. जात आपल्या गटाबाहेर लग्न करू न देण्यावर उभी आहे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. बडोद्याने पैसे दिले ते वित्तशास्त्रासाठी, आणि त्याच पैशांच्या पोटात हा निबंध लिहून झाला. माझ्या मते त्या तीन वर्षांतली सर्वांत दूरवर पोहोचलेली पाने हीच.

१९१५ मध्ये एम.ए. झाले, त्यासाठीचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर होता. १९१६ च्या जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंधही विद्यापीठाकडे गेला. पदवी मात्र हातात पडली १९२७ मध्ये. मध्ये अकरा वर्षे गेली ती एका नियमामुळे. कोलंबियात त्या काळी प्रबंध मंजूर होऊन भागत नसे; तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्या की मगच पदवी मिळे, आणि छपाईचा भार विद्यार्थ्यावर. लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने १९२५ मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवहाराच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ म्हणून काढला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. शिष्यवृत्ती देणाऱ्याचे आभार लोक मानतात; पुस्तक अर्पण करणारे थोडेच.

करार संपला, तेव्हा आंबेडकर न्यूयॉर्कहून थेट लंडनला गेले. मुदत वर्षभर वाढवून मिळाली होती. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि पुढच्याच महिन्यात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. एका वर्षात दोन्ही पुरे होणे शक्य नव्हते, आणि ते त्यांनाही कळत असणारच. पण नाव घालून ठेवले की परत यायला दार राहते. १९१७ मध्ये बडोद्याहून परतण्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची मुभा मिळवली आणि मगच बोट पकडली. संशोधन अर्धवट टाकून परतावे लागणाऱ्या विद्यार्थ्याने करायचे पहिले काम कोणते, याचे उत्तर त्या एका परवानगीत आहे.

युद्धाचे दिवस होते. सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती पाणतीराने बुडाली आणि त्यात त्यांची पुस्तके गेली. नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले, तेच बडोद्याला जाण्याच्या आणि तिथे राहण्याच्या कामी आले. बडोद्यात काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाराजांचा लष्करी सचिव, पण अस्पृश्य म्हणून शिपाई फायली लांबून फेकत. उतरले होते त्या पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात कोणी खोली दिली नाही. दहा वर्षांच्या नोकरीची अट तिथेच मोडली. संस्थानाने नंतर शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून परत मागितला आणि ते लचांड पुढे कैक वर्षे मागे लागून राहिले. नोकरीची अट घालणाऱ्याने ती नोकरी करता येईल अशी जागाही द्यायला हवी, एवढे साधे कलम त्या कराराच्या कागदात नव्हते.

इकडे लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत चालू झाली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांचे बिऱ्हाड त्यांनी बदलले नाही. पत्नी रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम जाई, बाकीची शिल्लक लंडनच्या नावाने. प्राध्यापकाच्या पगारात चाळीत राहणे ही कंजुषी नव्हती, ते एम.एस्सी.ची फी साठवणे होते. तरी शिल्लक पुरी पडली नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये, परवानगीची मुदत सरायला वर्षभर बाकी असताना, आंबेडकर पुन्हा बोटीवर चढले.

या दुसऱ्या फेरीत कोणाची शिष्यवृत्ती नव्हती. संस्थानचा करार नाही, वरिष्ठ नाही, विषयाची अट नाही. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिलेले शिफारसपत्र तेवढे सोबतीला होते.

लंडनचे दिवस धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात बारकाईने आले आहेत. घरमालकीणबाईंचा हात आखूड. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. रात्री दहाच्या सुमारास भूक लागली की ओळखीच्या एका गुजराती माणसाने दिलेल्या पुडक्यातले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे, आणि ते खाऊन पुन्हा पहाटेपर्यंत वाचायचे. किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर, जिथे ते १९२१–२२ मध्ये राहत, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे. पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांना तिथल्या नीटनेटक्या खोल्या पाहून ते दिवस किती ओढाताणीचे होते याचा अंदाज येणे कठीण.

आणि इथेच या कहाणीतला सर्वांत अचंबित करणारा योग येतो. हा विद्यार्थी रुपयांत कर्ज काढून पौंडांत फी भरत होता, आणि त्याच्या डॉक्टरेटचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

युद्धापूर्वी सुमारे वीस वर्षे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर बांधलेला होता. युद्धात चांदी महागली तसा रुपया वर चढला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये तो दोन शिलिंग दहा पेन्सच्या आसपास गेला. सरकारने तो सोन्याच्या दोन शिलिंगांवर थोपवायची घोषणा केली, त्यासाठी पैसा ओतला, आणि तरीही वर्षभरात रुपया एक शिलिंग तीन पेन्सच्या आसपास घसरला. नवल भथेनांच्या ५,००० रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने ३३३. म्हणजे काहीही न खाता, न पिता, केवळ तारीख बदलल्याने एका विद्यार्थ्याच्या खिशातला तिसरा हिस्सा उडून जातो. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना २०० पौंड कर्जाऊ मागणारे पत्र लिहिले, त्यात हुंडणावळीचा दर विरुद्ध गेल्याचे गाऱ्हाणे आहे. पुढच्या मे महिन्यात महाराज वारले.

रुपयाच्या भावाच्या या उलथापालथीचा इतिहास आणि चिकित्सा म्हणजे त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध. १९१३ मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांनी हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेची, म्हणजे सुवर्ण विनिमय परिमाणाची, भलामण करणारे पुस्तक लिहिले होते. आंबेडकरांनी तिच्यावरच हल्ला केला. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले की भाव ढासळतात, आणि त्याची झळ गरिबाला बसते, असा त्यांचा रोख. प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. परीक्षकांना त्यातली मते झोंबली आणि फेरमांडणी करायला सांगितली गेली. तेवढे दिवस लंडनला राहायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून मजकूर सुधारला आणि टपालाने पाठवला. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली, डिसेंबरात पुस्तक निघाले. अर्थतज्ज्ञ एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवूनही प्रस्तावना लिहिली. त्याआधी जून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी झालीच होती. रिझर्व्ह बँक या पुस्तकातून जन्मली असे हल्ली सर्रास म्हटले जाते, त्यात अतिशयोक्ती आहे. पुस्तकाला ती कुबडी नको. ते स्वतःच्या पायावर उभे आहे.

आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला गेले त्याच १९२० साली एल्फिन्स्टन कॉलेजचाच आणखी एक मराठी पदवीधर लंडनला पोहोचला होता. गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे, संस्कृतचे एम.ए. त्यांच्या पैशांची वाट अगदी निराळी. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग काढून पॅट्रिक गेडिस यांना आणले, आणि पुढचा शिक्षक तयार व्हावा म्हणून एका विद्यार्थ्याला परदेशी धाडायचे ठरवले. गेडिस यांनी घुर्यांना निवडले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही, तेव्हा ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स जून १९२२ मध्ये अचानक वारले, आणि प्रबंधाचे उरलेले काम ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली झाले. मार्गदर्शक मध्येच जाणे ही संशोधकाच्या वाट्याला येणारी एक जुनीच आपत्ती. घुर्ये त्यातून निभावले कारण खर्च विद्यापीठाचा होता आणि नोकरी मुंबईत वाट पाहत होती. १९२४ पासून त्यांनी मुंबईचा विभाग चालवला आणि भारतातल्या समाजशास्त्रज्ञांची एक आख्खी पिढी तिथून बाहेर पडली.

त्या पिढीतल्या इरावती कर्वे यांची गोष्ट तर पेशवाईपर्यंत मागे जाते. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेले, तरी इंग्रजांनी तो पैसा एकदम बंद केला नाही. काही भाग १८२१ मध्ये पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादींसह पुण्यातल्या तरुणांनी अर्ज केला की दक्षिणा जातीवर न देता मराठीत उपयुक्त पुस्तके लिहिणाऱ्यांना द्यावी. त्यावर सनातनी मंडळींनी मोठा गदारोळ केला, पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली, आणि पुढे त्याच निधीतून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. भांडारकर आणि रानडे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या इरावतीबाईंना हीच दक्षिणा फेलोशिप मिळाली, आणि तिच्यावर त्यांनी घुर्यांकडे समाजशास्त्राचे एम.ए. केले. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण! श्रावणातल्या दक्षिणेचा पैसा फिरत फिरत अखेर तो घेणाऱ्यांच्याच समाजशास्त्रीय तपासणीवर खर्च झाला. सामाजिक शास्त्रांच्या निधीची याहून सुरस कथा मी वाचलेली नाही.

एम.ए.नंतर बर्लिनला जायचे तर फेलोशिप पुरणारी नव्हती. सासरे धोंडो केशव कर्वे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी हयात घालवली, त्यांचा या बेताला विरोध होता. स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले पती दिनकरराव मात्र पाठीशी राहिले, आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई १९२८ मध्ये निघाल्या. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर. त्यांना कवट्यांच्या मोजमापातून वंशभेद दिसावा अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि डाव्या-उजव्या बाजूतल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही असे लिहून दिले. पैसा संस्थेचा नव्हता, घरच्या ओळखीतल्या माणसाचा होता. निष्कर्ष निर्भीड असण्याचे तेवढेच कारण नसेल, पण ज्याचे मीठ खातो त्याच्याविरुद्ध लिहिणे जड जाते हेही खरे.

आजच्या विद्यार्थ्यापुढे वाटा जास्त आहेत; अटींची जात मात्र तीच. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च देते, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याचे वचन घेते. फुलब्राइट-नेहरूवर अमेरिकेला गेलेल्यांनाही व्हिसाच्या नियमानुसार दोन वर्षे परतावेच लागते. बडोद्याच्या दहा वर्षांपुढे हे काहीच नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अलीकडे तिच्या १२५ जागा असतात, आणि निर्वाहाला अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर व ब्रिटनसाठी ९,९०० पौंड मिळतात. नऊ हजार नऊशेला बाराने भागले की ८२५ येतात. लंडनमध्ये तेवढ्यात खोलीभाडे जाऊन फारसे काही उरत नाही. २०२२ च्या नियमावलीत आणखी एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेत बसणार नाहीत. त्या कलमाच्या चाळणीत १९१६ चा जातींवरचा निबंध गळून पडला असता. समाजाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी त्या समाजाचा अभ्यास करू नये, असे त्याचे व्यवहारातले पर्यवसान होते, आणि माझ्या मते ते मागे घ्यायला हवे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत. तिथे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आडवी येते. समाजशास्त्राचा उत्तम विभाग नामवंत नसलेल्या विद्यापीठातही असू शकतो, हे क्रमवारी पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

देशात राहून करायचे तर नेटची परीक्षा, आणि तीत कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडे वेगळे. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपही याच धर्तीवर आहेत. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला येतील या भरवशावर खोली घेऊ नये; चार-सहा महिन्यांची बेगमी जवळ असलेली बरी.

मास्टर्स आणि डॉक्टरेट यांच्या खर्चातला फरक बऱ्याच घरांना ठाऊक नसतो. अमेरिकेत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्राच्या मास्टर्सला बहुधा स्वतःचेच पैसे लागतात. चांगल्या विभागातली पीएच.डी. उलट असते: साधारण पाच वर्षे फी माफ, वर निर्वाहवेतन, आणि बदल्यात पदवीच्या वर्गांना शिकवण्याची मदत. म्हणून एम.ए. इथे करून थेट पीएच.डी.चा अर्ज करणारे पुष्कळ. ब्रिटनमध्ये पीएच.डी. तीन-चार वर्षांची, आधी मार्गदर्शक गाठायचा, संशोधनाचा आराखडा त्याच्याशी बोलून ठरवायचा. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना काही प्रमाणात खुल्या झाल्या आहेत.

सामाजिक शास्त्रांत एक खर्च असा असतो की तो कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो. प्रयोगशाळा नसली तरी क्षेत्रकार्य असते. गावात वर्षभर राहायचे, एसटीने हिंडायचे, मुलाखती उतरवून घ्यायच्या, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरात आठवडेच्या आठवडे बसायचे. हे बहुधा तिसऱ्या वर्षी येते. विभागाकडून किती मिळेल, बाहेरच्या कोणत्या निधीला कधी अर्ज करायचा, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवावे.

अमेरिकी विभागांच्या अर्जाची मुदत बहुतेक डिसेंबरात संपते आणि प्रवेश पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा. उलटे मोजत आलो तर विभाग आणि प्राध्यापकांची निवड आदल्या उन्हाळ्यात, लेखनाचा नमुना पावसाळ्यात, आणि तीन शिफारसपत्रांची विनंती गणपतीच्या आधी. दिवाळीनंतर विचारले की सर परीक्षांच्या पेपरांत अडकलेले असतात, आणि घाईत लिहिलेल्या पत्रात ‘मेहनती विद्यार्थी’ यापलीकडे काही येत नाही. विनंतीबरोबर स्वतःचा एखादा चांगला निबंध आणि अर्जाचा मसुदा जोडून द्यावा, म्हणजे सरांना लिहायला काही हाती लागते.